दुर्गाबाईंची कमाई

हरिश्चंद्र-तारामतीची गोष्ट आपल्या सिनेमाच्या वाट्याला दोनदा शुभारंभाची म्हणून आली. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या कामासाठी त्यांना बाई मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, विनवण्या करून झाल्या. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवून कॅमेऱ्यासमोर उभं करावं लागलं. पुढे एकोणीस वर्षं गेली. १९३२ च्या फेब्रुवारीत कोल्हापूरच्या ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला. हा मराठीतला पहिला बोलपट. या वेळची तारामती होती मुंबईच्या एका नामांकित सॉलिसिटरची सत्तावीस वर्षांची मुलगी, इंग्रजी शाळा-कॉलेजात शिकलेली, दोन मुलांची आई. तिचं नाव दुर्गा खोटे.

दुर्गाबाईंची गोष्ट सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. कुलीन घरातली बाई सिनेमात आली, तिच्यामुळे इतरांना वाट मोकळी झाली, सिनेमाला प्रतिष्ठा मिळाली. यात खोटं काही नाही. पण त्यामागची निकड या गोष्टीत झाकली जाते. दुर्गाबाई सिनेमात आल्या त्या पैशाची गरज होती म्हणून. सासरची आर्थिक घडी विसकटलेली, पदरात बकुळ आणि हरीन ही दोन मुलं, आणि मिंधेपणाने जगायची तयारी नाही. १९८२ साली ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र आलं, त्यात हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कलेची ओढ होतीच, पण आधी हिशेब होता घर चालवण्याचा. पुढची पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी अभिनयाकडे व्यवसाय म्हणून पाहिलं, आणि मराठी समाजाने त्यांच्याकडून घेण्यासारखं सर्वांत मोलाचं तेच आहे.

आधीच्या मायलेकी

दुर्गाबाईंच्या आधी पडद्यावर बाई आलीच नव्हती, असं कुणी म्हणत असेल तर तो कामत मायलेकींवर अन्याय आहे. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लहानगी मुलगी कमला झाली मोहिनी. दोघी नाटक कंपनीतून आलेल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई कामतांनी मुलीला घेऊन कंपनीची वाट धरली आणि जातगोतातल्यांचा रोष ओढवून घेतला.

ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. नाटक कंपनीवाल्या रघुनाथराव गोखल्यांशी त्यांचं लग्न झालं आणि ऐन तारुण्यात वैधव्य आलं. तीन मुलं वाढवायची होती. कमलाबाई रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि वेळ पडली तेव्हा पुरुषपात्रंही त्यांनी केली. थोरले चंद्रकांत गोखले नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात नावाजले, आणि नातू विक्रम गोखले यांची कारकीर्द तर आपल्या डोळ्यांसमोरची. चार पिढ्यांचा हा संसार एका बाईच्या कामावर उभा राहिला.

फरक असा, की कामत-गोखले मायलेकींना समाजाने ‘नाटकवाल्या’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. त्यांनी काम केलं याचं कुणाला नवल वाटलं नाही. दुर्गाबाईंच्या बाबतीत मात्र धक्का बसला, कारण त्या ‘आपल्यातल्या’ होत्या.

लाडांची लेक

१४ जानेवारी १९०५ चा जन्म. वडील पांडुरंग लाड, आई मंजुळाबाई. मूळ गोव्याकडचं हे घराणं गिरगावातल्या कांदेवाडीत राहायचं. एकत्र कुटुंब, पैपाहुणा, सणवार, नाटकांची आवड असं भरलेलं घर. शिक्षण कॅथीड्रल हायस्कुलात आणि पुढे सेंट झेवियर कॉलेजात. विश्वनाथ खोट्यांशी लग्न झालं तेव्हा सासरही मोठं धनवान होतं. मग दिवस फिरले. घराण्याची संपत्ती गेली, मिळकतीचा भरवसा उरला नाही. दुर्गाबाईंनी आधी शिकवण्या करून पाहिल्या, पण त्यावर दोन मुलांचा संसार चालणार नव्हता.

१९३१ मध्ये मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’मध्ये एका छोट्या कामासाठी चांगल्या घरची मुलगी हवी होती. जे. बी. एच. वाडियांनी दुर्गाबाईंच्या बहिणीला, शालिनीला विचारलं. तिने नकार दिला आणि बहिणीचं नाव सुचवलं. दुर्गाबाई हो म्हणाल्या. काम अगदी थोडं होतं. पण जाहिरातीत लाडांची कन्या आणि खोट्यांची सून म्हणून त्यांचा गवगवा करण्यात आला. चित्रपट साफ पडला आणि गिरगावात टीकेचा भडिमार सुरू झाला. दोन्ही घराण्यांची अब्रू चव्हाट्यावर आली, असं लोक बोलू लागले.

दुसरी कुणी असती तर तोंड लपवून घरी बसली असती. त्याच पडलेल्या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी मात्र या बाईला हेरलं आणि तारामतीच्या भूमिकेसाठी विचारणा केली. वडिलांनी परवानगी दिली. एका पराभवानंतर लगेच दुसऱ्यांदा उभं राहण्याची ही हिंमत दुर्गाबाईंच्या कारकिर्दीत पुढेही दिसत राहते.

कोल्हापुरातली तारामती

‘प्रभात फिल्म कंपनी’ १ जून १९२९ ला कोल्हापुरात स्थापन झाली. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे पाच भागीदार. मूकपटांवर कंपनीचा जम बसत होता, तेवढ्यात मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलू लागला. ‘प्रभात’ने बोलपटात उडी घेतली ती ‘अयोध्येचा राजा’ने.

आज त्या कामाची कल्पना करणं अवघड आहे. पार्श्वगायन अजून आलेलं नव्हतं. नटाने कॅमेऱ्यासमोर बोलायचं आणि गायचंही तिथेच, त्याच वेळी. साथीदार कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसून वाजवणार, आणि एखादा सूर चुकला की सगळं पहिल्यापासून. शिवाय हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत एकाच वेळी निघत होता, म्हणजे प्रत्येक प्रसंग दोनदा उभा करायचा. समोर हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे, संगीत रंगभूमीवरचं मोठं नाव, आणि चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. गंगानाथाच्या भूमिकेत बाबूराव पेंढारकर. अशा मुरलेल्या माणसांत दुर्गाबाई जवळजवळ नवख्या होत्या.

तारामती राणी असते आणि काशीच्या बाजारात विकली जाऊन दासी होते. श्रीमंतीतून उतरून परक्या घरी राबणारी ही बाई उभी करताना दुर्गाबाईंना फार लांब जावं लागलं नसेल. त्यांच्या तारामतीत रडगाणं नाही. मान ताठ आहे, आवाज खणखणीत आहे, आणि दुःख सोसतानाही तिचं राणीपण जात नाही. याच ढबीमुळे पुढची दहा-बारा वर्षं राण्या, राजमाता आणि बंडखोर बायका त्यांच्या वाट्याला आल्या. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’ आला, त्यात त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. चित्रपट चालले, आणि कालपर्यंत नावं ठेवणारे लोक कौतुक करू लागले.

कंपन्या अनेक, बाई एक

त्या काळात नट-नटी कंपनीच्या पगारी नोकर असत. करार ठरावीक मुदतीचा, आणि तो असेपर्यंत दुसरीकडे काम करायची मुभा नाही. दुर्गाबाईंनी ही चौकट फार लवकर ओलांडली. ‘प्रभात’मध्ये नाव झाल्यावर त्या कलकत्त्याला गेल्या. देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘न्यू थिएटर्स’चा ‘राजरानी मीरा’ केला, ‘ईस्ट इंडिया फिल्म कंपनी’चा ‘सीता’ केला. १९३४ चा हा ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला मानपत्र मिळालं. त्यात राम होते पृथ्वीराज कपूर. मुंबई, कोल्हापूर, कलकत्ता, पुणे असा दुर्गाबाईंचा प्रवास चालू राहिला, आणि कोणत्या कंपनीत कोणतं काम करायचं हे त्या स्वतः ठरवत राहिल्या.

१९३६ चा ‘अमरज्योती’ हा या टप्प्याचा कळस. ‘प्रभात’ तोवर पुण्यात आली होती. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे, लॉ कॉलेज रस्त्यावर, तिचा स्टुडिओ होता. या चित्रपटातली सौदामिनी ही नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई. राज्याचा कायदा तिला तिचं मूल द्यायला नकार देतो. बाई म्हणजे नवऱ्याची गुलाम, तिला कसला हक्क, असं दरबार सांगतो. सौदामिनी राज्याविरुद्ध उठते, समुद्रावर जहाजं लुटणारी होते आणि जुलमी मंत्री दुर्जयाला पकडून त्याचा पाय तोडते. दुर्जय होते चंद्रमोहन, आणि राजकन्या नंदिनी होत्या शांता आपटे. मुलाच्या ताब्याचा प्रश्न एका भारतीय बोलपटाने इतक्या रोखठोकपणे १९३६ मध्ये मांडला, आणि त्याचा सगळा भार दुर्गाबाईंच्या आवाजावर आणि नजरेवर होता.

त्यांच्यासारखी मोकळीक इतरांना होती का? याच ‘अमरज्योती’तल्या शांता आपटे पुढे ‘कुंकू’च्या नायिका म्हणून देशभर गाजल्या. १९३९ मध्ये करारावरून वाद झाला आणि त्यांना ‘प्रभात’च्या दारात उपोषणाला बसावं लागलं. हंसा वाडकर तर वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास कमवायला लागल्या. त्यांचा पैसा घरचे खर्च करत राहिले आणि ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात त्यांनी त्याची दाहक हकीकत लिहून ठेवली. दुर्गाबाईंच्या मागे शिक्षण होतं, इंग्रजी होतं, कायदा जाणणाऱ्या वडिलांचं घर होतं. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचता येणं ही त्या काळातल्या नटीसाठी मोठी ताकद होती. दुर्गाबाईंचं मोठेपण सांगताना ही बाब वगळली, तर शांताबाई आणि हंसाबाईंच्या झगड्याची किंमत आपल्याला कळणार नाही.

१९३७ मध्ये दुर्गाबाई ‘साथी’ या चित्रपटाच्या निर्मितीतही उतरल्या. पडद्यामागचे आर्थिक व्यवहार बायकांनी हाताळणं तेव्हा जवळजवळ अशक्य मानलं जाई.

चाळिशीकडे झुकताना नायिकेच्या भूमिका सुटतात आणि नटीची कारकीर्द संपते, असा या धंद्याचा रिवाज. दुर्गाबाईंनी तो मोडून काढला. १९४१ मध्ये आचार्य अत्र्यांच्या ‘पायाची दासी’त वनमालाबाई सून होत्या आणि दुर्गाबाई खाष्ट सासू. ऐन छत्तिशीत सासू व्हायला त्या कचरल्या नाहीत. पाठोपाठ ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी आणि सोहराब मोदींच्या ‘पृथ्वी वल्लभ’मध्ये मृणालवती. प्रेक्षकांना आवडणार नाही अशी बाई रंगवायची आणि तरी तिचं म्हणणं त्यांना ऐकायला लावायचं, हे कसब इथे पक्कं झालं. रंगभूमीवर ते त्यांच्या पुरेपूर उपयोगी पडलं.

आनंदीबाई आणि आंबवडे

मराठी रंगभूमीवर बायकांची कामं पुरुषांनी करायची ही परंपरा दीर्घकाळ चालली आणि बालगंधर्वांनी तिला वैभव दिलं. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तेव्हापासून शहरी रंगभूमीवर वारं पालटलं. खेड्यापाड्यांत त्याला आणखी वेळ लागला. जत्रेतल्या नाटकात मिसरूड काढून लुगडं नेसणारे गडी असत. पुढे मानधन देऊन शहरातून नटी आणायची पद्धत आली. गावोगाव एसटीने फिरणाऱ्या त्या बायकांची नावं इतिहासात लागली नाहीत, पण त्यांचीही कमाई घामाचीच होती.

दुर्गाबाई रंगभूमीवर पाय रोवून उभ्या राहिल्या त्या मुंबई मराठी साहित्य संघामुळे. डॉ. अ. ना. भालेरावांनी गिरगावात केळेवाडीत नाट्योत्सवांची चळवळ उभी केली होती. १९५४ मध्ये शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेलं ‘राजमुकुट’ हर्बर्ट मार्शल या ब्रिटिश दिग्दर्शकाने बसवलं. नानासाहेब फाटकांसमोर दुर्गाबाई होत्या. वय एकोणपन्नास. सिनेमात वीस वर्षांहून जास्त काढलेल्या नटीने समोर बसलेल्या प्रेक्षकांना सामोरं जायचं, तेही शेक्सपियरच्या सर्वांत कठीण स्त्रीभूमिकेत.

त्याच वर्षी दिल्लीत पहिला राष्ट्रीय नाट्यमहोत्सव झाला आणि साहित्य संघाने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ नेलं. नाटकाला पहिलं पारितोषिक मिळालं. दुर्गाबाई आनंदीबाई होत्या. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘ध’चा ‘मा’ केल्याचा डाग आनंदीबाईच्या नावाला कायमचा चिकटला. कीर्तनात, बखरीत, घरच्या गोष्टींत ती फक्त खलनायिका. तिच्या महत्त्वाकांक्षेला बुद्धी आणि रुबाब देणारी नटी इथे लागते, आणि कैकेयी व मृणालवती पचवलेल्या दुर्गाबाई त्यासाठी तयार होत्या.

घरातल्या सत्तेच्या भांडणाचा हा विषय भोरच्या मुलखातल्या वाचकाला परका वाटणार नाही. भोरहून रायरेश्वराकडे जाताना आंबवडे लागतं. नागेश्वराचं जुनं देऊळ, पंतसचिवांच्या काळातला झुलता पूल, गर्द झाडी, आणि तिथेच शंकराजी नारायण सचिवांची समाधी. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात मावळातले किल्ले परत मिळवणारा हा माणूस. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि छत्रपतींच्या घरात वारशाचा तंटा उभा राहिला. शंकराजींनी ताराबाईंच्या बाजूने शब्द दिलेला, आणि दुसरीकडे शाहूंचा हक्कही डावलता येईना. या पेचात त्यांनी आंबवड्यात आपलं आयुष्य संपवलं. त्यांच्याच वंशाकडे भोर संस्थान राहिलं, ते १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत. सत्तेवरून एक घर फुटलं की जवळची माणसं कशी चिरडली जातात, याची साक्ष देणारी जागा या गावात आहे. खाडिलकरांच्या आनंदीबाईला रागाबरोबर आकलनही मिळायला हवं, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

१९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने अभिनयासाठी दुर्गाबाईंचा गौरव केला. १९६१ मध्ये दिल्लीला भरलेल्या मराठी नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. तोवर त्यांच्या घरात रंगभूमीची पुढची पिढीही आली होती. धाकट्या हरीनची पत्नी विजया, माहेरची जयवंत, हिने १९६० मध्ये ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था उभी केली. हरीन अकाली गेले. विजयाबाई पुढे विजया मेहता म्हणून मराठी रंगभूमीच्या शिल्पकार झाल्या. मुलाच्या मृत्यूचं दुःख गिळून दुर्गाबाई कामावर येत राहिल्या.

जोधाबाईपासून मिसेस ब्रगांझापर्यंत

५ ऑगस्ट १९६० ला ‘मुघल-ए-आझम’ आला. अकबर पृथ्वीराज कपूर, जोधाबाई दुर्गा खोटे. ‘सीता’मधले राम-सीता सव्वीस वर्षांनी बादशहा आणि महाराणी म्हणून समोरासमोर आले. एकीकडे नवरा आणि सल्तनत, दुसरीकडे पोटचा सलीम. या ओढाताणीत जोधाबाईला बोलायला फार थोडं आहे. दुर्गाबाईंनी ती बरीचशी डोळ्यांनी आणि श्वासाच्या चढउतारांनी उभी केली. आवाजाच्या जोरावर मोठी झालेली नटी इथे आवाज आवरून काम करते, हे अभ्यासण्यासारखं आहे.

सत्तरच्या दशकात नवा प्रेक्षक त्यांना आई-आजी म्हणून ओळखू लागला. ‘आनंद’, ‘बावर्ची’, ‘अभिमान’, आणि ‘बॉबी’तली मिसेस ब्रगांझा. १९७४ च्या ‘बिदाई’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं, तेव्हा त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा सन्मान ‘प्रभात’च्या तारामतीला मिळाला.

पडद्यावर भूमिका लहान होत गेल्या, तरी दुर्गाबाईंचा उद्योग मात्र वाढत होता. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी लघुपट आणि जाहिरातपट काढणारी कंपनी सुरू केली, ती पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ म्हणून ओळखली गेली. माहितीपट, उद्योगांसाठीच्या छोट्या फिल्म, जाहिराती. झगमगाट नसलेलं, पण वेळेवर पूर्ण करून द्यायचं आणि माणसांचे पगार भागवायचे, असं हे काम. १९८८ मध्ये याच कंपनीने दूरदर्शनसाठी ‘वागळे की दुनिया’ केली. आर. के. लक्ष्मण यांची पात्रं, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांचा संसार. महिन्याच्या पगारात घर चालवणारे वागळे घराघरांत पोचले, तेव्हा निर्मात्या दुर्गाबाई ८३ वर्षांच्या होत्या. २२ सप्टेंबर १९९१ ला त्यांचं निधन झालं.

२०१३ मध्ये भारतीय सिनेमाच्या शताब्दीनिमित्त टपाल खात्याने तिकिटांचा संच काढला, त्यात दुर्गाबाईही आहेत. तिकिटावरचा चेहरा पाहून त्यांचं काम मात्र कळणार नाही. ‘आलम आरा’ची प्रत आज उपलब्ध नाही, पण ‘अयोध्येचा राजा’ टिकून आहे. आज पाहता येणाऱ्या सर्वांत जुन्या भारतीय बोलपटांत त्याची गणना होते. ‘अमरज्योती’ही पाहता येतो. नाटक करणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनी, गावोगावच्या हौशी मंडळांनी हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत, आणि मग ‘मुघल-ए-आझम’मधल्या जोधाबाईचे प्रसंग. सोबत ‘मी, दुर्गा खोटे’, ‘सांगत्ये ऐका’ आणि विजया मेहतांचं ‘झिम्मा’ ही तीन पुस्तकं वाचावीत. अभिनयावर घर चालवू पाहणाऱ्या आजच्या मुलीला करार, मानधन, टीका आणि चाळिशीनंतरचं काम या चारही गोष्टींबद्दल तिथे बरंच काही मिळेल.